कार्यक्रमपत्रिकेतला तिसरा क्रमांक

विद्यापीठात मॅडम पुष्कळ होत्या, बाई एकच. आस्थापना विभागाच्या उपकुलसचिव. म्हणजे नेमणुका, बढत्या, रजा, सेवापुस्तकं असलं सगळं रुक्ष काम ज्यांच्या टेबलावरून जातं त्या. तीस वर्षं त्यांनी हे काम केलं, आणि तिथल्या निम्म्याअधिक प्राध्यापकांना आपली बढतीची तारीख जवळ आल्याचं बाईंच्या फोनमुळेच कळलं. "सर, पुढच्या सोळा तारखेला तुमची आठ वर्षं भरतात. अर्ज तयार ठेवा. दोन शोधनिबंधांच्या प्रती कमी आहेत, त्या आधी द्या." विद्वान माणसांना स्वतःच्या कागदांचं काही कळत नाही हे बाईंनी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. त्यावरून त्यांनी कधी कुणाला टोमणा मारला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

अशा बाईंचा निरोपसमारंभ. निवेदन कोण करणार, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. निवेदक होताच.

तसा तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा. पण आवाज चांगला, शब्द तयार आणि कुणी काम सांगितलं की नाही म्हणता येत नाही, एवढे तीन गुण एकत्र आल्यावर माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. पदवीदान असो, पाहुण्यांचं व्याख्यान असो, कुणाची शोकसभा असो, माइकपाशी हाच. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्याला निवेदकच म्हणायचे. नोकरी मात्र हंगामी. हंगामी झाडं एका हंगामात मरून मोकळी होतात. हा बारा वर्षं तगून होता. दर वर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर संपायची, आणि नवी ऑर्डर मुदत संपायच्या आदल्या दिवशी हातात पडायची, कारण बाई ती कुलसचिवांच्या मागे हात धुऊन लागून काढून घ्यायच्या. बारा वर्षांत एकदाही एका दिवसाचा खंड पडला नव्हता. पडला असता तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

या वर्षी त्याच्या विभागात एक कायम जागा निघाली. आधीची निघाली होती नऊ वर्षांपूर्वी. वयाची अट पंचेचाळीस, आणि निवेदकाला पंचेचाळीस पूर्ण व्हायला आता एकोणीसच दिवस उरले होते. अर्ज त्याने वेळेत भरला, पण त्यावर त्रुटी निघाली: अखंड सेवेचा दाखला, आस्थापना विभागाच्या अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी, जोडलेला नाही. त्रुटी दूर करायची शेवटची तारीख तीच, जी बाईंच्या नोकरीचीही शेवटची होती. वेळ संध्याकाळी पाचपर्यंत.

दाखला अडला होता सातव्या वर्षापाशी. त्या वर्षी त्याच्या तेव्हाच्या विभागप्रमुखाने त्याचं रुजू होण्याचं पत्र भलतीकडेच पाठवलं होतं. बाईंनी दोन महिने जुनी दप्तरं उपसली आणि ते पत्र आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच एका विभागाच्या गठ्ठ्यात सापडलं. सकाळी अकराला दाखला टाइप होऊन तयार झाला. बाईंनी तो मूळ ऑर्डरींशी ताडून एकदा वाचला, वरून खाली.

"चारला या," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम झाला की दुसऱ्यांदा वाचते, खालून वर. मग सही, शिक्का. चार-वीसला तुम्ही आवक विभागाच्या खिडकीवर असाल."

"बाई, आत्ताच केली सही तर?"

"एकदाच वाचून मी आजवर सही केलेली नाही सर. डोळ्यांना एकदा पाठ झालं की ते चूक बघतच नाहीत. मधे दोन-तीन तास जाऊ द्यावे लागतात."

हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंची सही असलेला कागद कुठल्याही कोर्टात टिकतो म्हणायचे, ते उगाच नव्हे. निवेदकाने मान डोलावली. त्याच्या बायकोने सकाळी डबा देताना त्याला बजावलं होतं, "आज भिडेखातर काही करू नकोस. आधी कागद, मग माइक." आता कागद बाईंच्या टेबलावर होता, चारची वेळ ठरली होती, तेव्हा तो निर्धास्त होऊन सभागृहाकडे गेला. खुर्च्या, फुलं, मानपत्राची चौकट, पाण्याच्या बाटल्या, सगळं डोळ्यांखालून घातलं.

साडेबाराला कुलगुरूंच्या कार्यालयातून फोन आला. साहेबांना तीन वाजता विमानतळाकडे निघायचं आहे. कार्यक्रमपत्रिकेत कार्यभार सोपवण्याचा भाग शेवटी, बाईंच्या खोलीत ठेवलाय. तो मंचावर, साहेबांच्या हजेरीत व्हावा. फोटो चांगला येईल.

कार्यभार सोपवणं म्हणजे एक साधा छापील कागद. जाणारा सही करतो, येणारा सही करतो, तारीख आणि वेळ लिहितात. निवेदकाने खिशातलं पेन काढलं, नवव्या क्रमांकावरचा कार्यभार तिसऱ्यावर आणला आणि बाकीचे एकेक खाली सरकवले. नव्या साहेबांना कळवलं. बाई कुणाला तरी दप्तरं समजावून देत होत्या, त्यांना कशाला त्रास द्यायचा म्हणून त्यांना सांगायचं राहिलं. उलट त्याला हा बदल आवडलाच. एवढा महत्त्वाचा क्षण कोपऱ्यातल्या खोलीत कशाला? त्याने त्या क्षणासाठी चार खास वाक्यंही लिहून काढली.

एवढ्या वर्षांत हजार कार्यक्रम पार पाडलेला माणूस. क्रमांक वरखाली करताना त्याने वक्त्यांचा मान पाहिला, फोटोचा उजेड पाहिला, कुलगुरूंचं विमान पाहिलं. स्वतःचा कागद तेवढा त्याला दिसला नाही.

दोन वाजता सभागृह गच्च भरलं होतं. मागे उभे राहिलेले लोकसुद्धा पन्नासेक तरी असतील. बाई साध्याच साडीत, हातात घड्याळ, मंचावर मधल्या खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी नवे साहेब. अडतिशीचे, शांत, बाईंच्याच हाताखाली आठ वर्षं तयार झालेले. स्वागत झालं, मानपत्राचं वाचन झालं, आणि निवेदकाने आवाज जरा खाली आणून तिसरा क्रमांक पुकारला.

छापील कागद समोर आला तेव्हा बाईंनी आधी तो पाहिला, मग कुलगुरूंकडे पाहिलं.

"आत्ता?" त्या म्हणाल्या. माइक जवळ असल्याने ते सगळ्यांना ऐकू आलं.

"आत्ताच, बाई. मला विमान गाठायचंय," कुलगुरू हसून म्हणाले. फोटोवाला गुडघ्यावर बसला. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. बाईंनी पेन उघडलं, घड्याळात पाहून वेळ लिहिली आणि पेन तसंच धरून त्यांनी कुलगुरूंच्या खांद्यावरून निवेदकाकडे पाहिलं.

निवेदक त्या वेळी आपली खास वाक्यं म्हणत होता. "दोन वाजून बावीस मिनिटं. या मिनिटापासून बाई कुठल्याही कागदावर सही करणार नाहीत. तीस वर्षं ज्या सहीने आपली आयुष्यं मार्गी लावली, ती सही आता..."

पुढचं वाक्य त्याच्या हातातल्या कागदावर होतं, पण त्याला ते वाचता येईना. बाईंच्या टेबलावरचा स्वतःचा दाखला त्याला आत्ता आठवला. लोकांना वाटलं, त्याला भरून आलं. टाळ्या आणखी वाढल्या. तेवढ्यात बाईंनी सही केली. दोनशे माणसं उभी असताना आणि कुलगुरू कागद धरून असताना त्या दुसरं काय करणार होत्या?

तीनला कुलगुरू गेले आणि भाषणं सुरू झाली. अकरा वक्ते होते. सगळे बाईंनी घडवलेले, आणि प्रत्येकाला मनापासून बोलायचं होतं. एका प्राध्यापिकेने सांगितलं, बाळंतपणाच्या रजेत तिची पाहणी समितीची तारीख आली, तर बाईंनी कागद घरी पाठवून सह्या घेतल्या आणि तिचं वर्ष वाचवलं. गणिताच्या म्हाताऱ्या सरांनी सांगितलं, त्यांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मुदत संपायला दहा मिनिटं असताना बाई स्वतः घेऊन पळाल्या होत्या. सभागृह हसलं. निवेदकही हसला, कारण निवेदकाने हसायचं असतं. दोन भाषणांच्या मधे त्याला दोन गोड वाक्यं बोलावी लागत होती, आणि ती वाक्यं त्याच्या तोंडून बिनचूक निघत होती. स्वतःच्या या कसबाची त्याला त्या दिवशी पहिल्यांदा किळस आली.

साडेतीनला त्याने नव्या साहेबांसमोर चिठ्ठी सरकवली. माझा अखंड सेवेचा दाखला बाईंच्या टेबलावर आहे, आज पाचची मुदत आहे, आता सही तुमची लागेल. नव्या साहेबांनी ती वाचली आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं: बघून करतो.

'बघून.' हा माणूसही बाईंनीच तयार केला होता.

त्याने वक्त्यांना आवरायचा प्रयत्न केला. "वेळेअभावी," तो दोनदा म्हणाला. "वेळेचं भान ठेवत," तिसऱ्यांदा म्हणाला. पण इतिहासाच्या सरांनी अकरा पानं लिहून आणली होती आणि ते सहाव्यावर होते. त्यांना अडवायला गेला तर ते माइकवरून म्हणाले, "निवेदक, आजच्या दिवशी तरी घाई नको. बाईंचा दिवस आहे." पुन्हा टाळ्या.

चारला पाच कमी असताना बाई उत्तराला उठल्या. त्यांनी आभार मानले नाहीत, आठवणी सांगितल्या नाहीत. दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरून त्या म्हणाल्या, "माझं एक काम राहिलंय. एका माणसाचं मोठं काम आहे. मला आत्ता खोलीत जाऊ द्या."

एवढंच. पण झालं भलतंच. शेवटच्या दिवशीही हिला कामाचीच पडलीय म्हणून सभागृह गहिवरलं. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि मग जो तो हातात फुलं घेऊन मंचाकडे आला. कुणी पाया पडलं, कुणी गळ्यात पडलं, कुणी मुलाला घेऊन आलं होतं त्याच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितलं. बाई वाट काढत होत्या आणि लोक ती प्रेमाने अडवत होते. निवेदक माइकवरून दोनदा म्हणाला, "कृपया बाईंना वाट द्या." हजार वेळा ऐकलेल्या त्या आवाजाकडे कुणीही लक्ष दिलं नाही.

बाई, नवे साहेब आणि निवेदक खोलीत पोचले तेव्हा चार-पस्तीस झाले होते. दारावरची बाईंच्या नावाची पाटी काढून ठेवली होती. टेबल मोकळं होतं. फक्त दाखला, त्यावर काचेचा वजनगोळा आणि शेजारी बारा वर्षांच्या ऑर्डरींची फाइल.

नवे साहेब उभेच राहिले.

"बसा," बाई म्हणाल्या. "ती खुर्ची आता तुमची आहे. उभ्याने सही करू नये."

ते बसले. त्यांनी दाखला हातात घेतला, फाइल उघडली आणि वाचायला लागले. पहिलं वर्ष, ऑर्डरीची तारीख, रुजू झाल्याची तारीख, कार्यमुक्तीची तारीख. मग दुसरं वर्ष.

"साहेब, बाईंनी सकाळीच ताडून पाहिलंय," निवेदक म्हणाला.

"माहितेय सर. पण सही माझी आहे. उद्या कुणी हरकत घेतली तर तुमचीच निवड रद्द होईल." त्यांनी वर पाहिलंही नाही. ते चांगलंच बोलत होते, आणि तेच तर वाईट होतं.

निवेदक बाईंकडे वळला. "मी पुढे जाऊन खिडकीवर सांगतो. दहा मिनिटं थांब म्हणतो."

"नको. खिडकीवरच्या त्या मुलीला अडचणीत आणू नका. तिच्या नोकरीला अजून तीन वर्षं झालेली नाहीत, ती कायम व्हायचीय." बाई पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. या खोलीत त्या खुर्चीत त्या पहिल्यांदाच बसत असाव्यात, कारण हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. "वाचू द्या त्यांना. तुम्ही बोलू नका."

पाच मिनिटं गेली. सातव्या वर्षाशी नवे साहेब थांबले. रुजू होण्याचं पत्र दुसऱ्या विभागाच्या शिक्क्याचं कसं? बाईंनी सांगितलं. आवक क्रमांक कुठे आहे? बाईंनी उठून पानाच्या मागे दाखवला. ते "हो" म्हणाले आणि पुढे गेले. बारावं वर्ष संपलं तेव्हा चार-एकावन्न झाले होते. निवेदकाने श्वास सोडला.

नव्या साहेबांनी बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि ते बाराव्यावरून अकराव्याकडे, खालून वर वाचू लागले.

आठ वर्षं बाईंनीच त्यांना हे शिकवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर गेला, तिथून पुढे सरकला. निवेदक खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली सभागृहातून माणसं बाहेर पडत होती, हसत, बोलत. इतिहासाचे सर अजून कुणाला तरी आपली पानं दाखवत होते.

"बरोबर आहे," नवे साहेब म्हणाले. पाच वाजून चार मिनिटं. त्यांनी सही केली, शिक्का उमटवला, तारीख घातली आणि वेळेच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. त्यांचा चेहरा उतरला. पाच वाजून गेल्याचं त्यांना आत्ताच कळलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "वेळ किती घालू?"

निवेदकाला बाईंकडे बघवेना. या बाईने तीस वर्षांत एक तारीख मागेपुढे केली नव्हती. त्यापायी तिने मंत्र्यांचे फोन खाली ठेवले होते, स्वतःच्या भाच्याचा अर्ज एक दिवस उशिरा आला म्हणून परत केला होता, आणि बहिणीने त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"चार पन्नास," बाई म्हणाल्या. "लिहा."

नव्या साहेबांनी लिहिलं.

निवेदक धावत सुटला. जिने उतरला, मधलं आवार ओलांडलं, फुलं घेऊन चाललेल्या कुणाला तरी त्याचा धक्का लागला. "निवेदक, अहो, फारच छान झाला कार्यक्रम!" मागून कुणीतरी ओरडलं. आवक विभागाची खिडकी अर्धी ओढलेली होती. आत ती मुलगी कुलूप शोधत होती. शेवटची तारीख म्हणून खिडकी सोडता येत नव्हती. अख्ख्या विद्यापीठात कार्यक्रमाला न आलेली तेवढी एकच असेल.

"सर!" तिचा चेहरा फुलला. "कसा झाला कार्यक्रम? बाई रडल्या का हो?"

त्याने दाखला खिडकीतून आत सरकवला. तिने तो वाचला, वेळ वाचली, मग मागच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून नऊ मिनिटं. तिने नोंदवही उघडून त्याच्याकडे वळवली. शेवटच्या नोंदीखाली लाल शाईची रेघ होती, रेघेखाली तिची सही आणि पाचची वेळ.

"पाचला रेघ मारली सर," ती रडकुंडीला आली. "बाईंनीच सांगितलंय, रेघ मारली की वर काही लिहायचं नाही. चार पन्नासला मला का नाही फोन केला? मी मारलीच नसती."

आणखी एक शब्द काढला तर ती रेघेवर नोंद घालेल हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि ती पकडली जाईल हेही. तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत. त्याने दाखला उचलला.

"रडल्या नाहीत," तो म्हणाला. "पण छान बोलल्या."

परत येताना तो सावकाश आला. जिन्यात थांबून त्याने रुमालाने तोंड पुसलं. एकोणीस दिवसांनी त्याला पंचेचाळीस पूर्ण होतील. दोन महिन्यांनी ऑर्डर संपेल, आणि या वेळी ती आदल्या दिवशी हातात पडणार नाही. घरी जाऊन बायकोला हे सांगायचं होतं. ते कसं सांगायचं याची वाक्यं त्याच्याकडे तयार नव्हती. पण त्याआधी वरच्या खोलीत एक बाई बसली होती, आणि तिचा हा दिवस निदान तिच्यापुरता तरी नीट संपावा असं त्याला फार वाटलं. दाखला त्याने घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

खोलीत बाई एकट्याच होत्या. नवे साहेब फुलं गाडीत ठेवायला गेले होते. बाई अजून पाहुण्यांच्याच खुर्चीत.

"झालं, बाई," निवेदक म्हणाला. आवाज त्याने नेमका लावला, पदवीदानाच्या वेळी लावतो तसा, भरदार आणि मोकळा. "घेतला त्यांनी. वेळेत होता. तुमच्यामुळे झालं."

बाईंचा चेहरा उजळला. तो तसा उजळलेला त्याने दिवसभरात पाहिला नव्हता, टाळ्यांच्या वेळीसुद्धा नाही. त्यांनी सवयीने हात पुढे केला.

"पोच बघू."

निवेदकाने खिशाकडे हात नेला. तो हात तिथेच राहिला. बाईंचा हात पुढे होता, तळवा वर, हजारो माणसांपुढे केला असेल तसा. त्या वाट पाहत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

त्यांनी दाराकडे पाहिलं.

"आयुष्यात एकदा खोटं सांगितलं मी," त्या म्हणाल्या, "आणि तेही उशिरा."